सायकलची घंटी: शंभर रुपयांची की चार हजारांची?

सोलापुरातील सायकल दुकानात साधी घंटी शंभर रुपयांच्या आत-बाहेर मिळते. क्रोमचा मुलामा दिलेली पत्र्याची वाटी, अंगठ्याने ओढायचा खटका आणि हँडलला आवळायची पट्टी, एवढाच तिचा संसार असतो. ऑनलाइन शोधू लागले की जपानच्या क्रेन किंवा ऑस्ट्रेलियाच्या नॉग अशा नावांच्या घंट्या दिसतात, आणि काही परदेशी घंट्यांची किंमत आपल्याकडे येईपर्यंत चार हजारांच्या घरात जाते. तेवढ्या पैशांत जुनी सायकल घरी येऊ शकते, हा भाग वेगळा. घंटी विकत घेणारा एक असतो आणि ती ज्याला ऐकू यायला हवी तो दुसराच असतो. वाढलेल्या किमतीचा बराचसा भाग पहिल्याच्या सुखासाठी खर्च होतो. दुसऱ्याच्या कानापर्यंत काय पोहोचेल हे ज्या गोष्टींवर ठरते, त्यांतील फार थोड्या किमतीशी बांधलेल्या आहेत.

टोला बसल्यावर वाटीचे काय होते ते आधी पाहू. तिची गोल कड क्षणभर लंबगोल होते, लगेच काटकोनातील दिशेने लंबगोल होते आणि हा खेळ सेकंदाला दोन-तीन हजार वेळा चालतो. लवचीक धातूची बांगडी दोन बाजूंनी दाबून सोडली तर ती जशी मागेपुढे होईल, तसाच हा प्रकार असतो. कडेवर चार जागा सर्वाधिक हलतात आणि त्यांच्या मधल्या चार जागा जवळजवळ स्थिर राहतात. या स्थिर जागांपासून निघालेल्या रेषा वाटीच्या माथ्यावर एकत्र येतात, म्हणून माथाही स्थिर असतो. घंटीचा स्क्रू नेहमी माथ्यावर असतो त्याचे कारण हेच. अशा पातळ कवचांच्या कंपनाचे गणित इंग्लंडमधील शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी एकोणिसाव्या शतकात मांडले आणि १८९० मध्ये घंटांवर स्वतंत्र निबंधही लिहिला. त्याच्या थोडे आधी, १८७७ मध्ये, बर्मिंगहॅमच्या जॉन रिचर्ड डेडिकोट यांनी सायकलच्या घंटीचे पेटंट घेतले, आणि या घंटीचे श्रेय सामान्यतः त्यांनाच दिले जाते.

रॅले यांच्या गणितातून वाटीचा स्वर कशावर ठरतो ते कळते. जाडी दुप्पट केली तर स्वर दुप्पट उंच होतो, म्हणजे एक सप्तक वर जातो. व्यास दुप्पट केला तर स्वर एक चतुर्थांशावर, म्हणजे दोन सप्तके खाली येतो. तिसरा घटक धातूचा, आणि इथे एक गंमत आहे. धातूचा ताठपणा आणि घनता यांच्या गुणोत्तराचे वर्गमूळ स्वर ठरवते. पोलाद ॲल्युमिनियमपेक्षा जवळजवळ तिप्पट ताठ आहे, पण तितकेच जडही आहे, त्यामुळे दोन्हींचे वर्गमूळ सेकंदाला सुमारे ५,००० मीटर इतके सारखेच येते. एकाच साच्यातील पोलादी आणि ॲल्युमिनियमच्या वाट्या म्हणूनच जवळपास एकाच स्वरात वाजतात. पितळेसाठी हा आकडा साधारण ३,५०० मीटर आहे. त्याच मापाची पितळी वाटी सुमारे तीस टक्के खालच्या स्वरात, म्हणजे पेटीवर काळ्या-पांढऱ्या मिळून सहा पट्ट्या खाली बोलते. पितळेचा आवाज ‘गोड’ आणि पोलादाचा ‘कर्कश’ असे जे म्हटले जाते, त्यातील बराच भाग या सहा पट्ट्यांचा आहे.

नाद किती वेळ टिकतो हा मात्र निराळा प्रश्न आहे. वाटीतील ऊर्जा तीन वाटांनी जाते: थोडी धातूच्या अंतर्गत घर्षणात, थोडी हवेत आवाज म्हणून आणि उरलेली माथ्यावरच्या जोडातून हँडलमध्ये. पितळ, कांसे आणि पोलाद या तिन्हींमध्ये अंतर्गत घर्षण कमी असते, त्यामुळे पहिली वाट फारशी महाग पडत नाही. दुसरी वाट वाटीच्या वजनावर अवलंबून आहे. ॲल्युमिनियमच्या हलक्या वाटीतील ऊर्जा हवा पटकन काढून घेते आणि आवाज लवकर विरतो, तर जाड पितळी वाटी ती बराच वेळ पुरवून पुरवून सोडते. स्वस्त घंटी ‘ठक’ करून गप्प होते तेव्हा दोष बहुधा तिसऱ्या वाटेत असतो. भोक मध्यापासून सरकलेले, वॉशर रुंद, स्क्रू गरजेपेक्षा जास्त आवळलेला, किंवा वाटीची कड ब्रेकच्या केबलला टेकलेली, यांपैकी एक कारण सहज सापडते. वाटीच्या कडेला बोट टेकवून टोला दिला तर नाद जागीच विझतो. हँडलला अडकवलेल्या पिशवीचा बंद हेच काम दिवसभर करत असतो. त्यासाठी चार हजार खर्चण्याचे कारण नाही.

साध्या घंटीच्या पोटात मात्र एकदा डोकावून पाहावे, कारण तिची खरी कारागिरी आणि खरा दुबळेपणा दोन्ही तिथेच आहेत. वाटी फिरवून काढली की खटक्याला जोडलेला एक दातेरी पंखा दिसतो. तो एका लहान चक्राला फिरवतो आणि ते आणखी लहान चक्राला, त्यामुळे अंगठ्याच्या छोट्याशा ओढीत आतली आडवी पट्टी कित्येक फेरे घेते. या पट्टीच्या दोन टोकांना दोन चकत्या मुद्दाम सैल बसवलेल्या असतात. पट्टी फिरू लागली की त्या बाहेरच्या दिशेने फेकल्या जातात आणि वाटीच्या आतल्या उंचवट्यांवर आपटतात. त्या सैल असतात म्हणूनच आपटल्यावर मागे सरतात आणि वाटीला मोकळेपणी वाजू देतात. घट्ट बसवल्या असत्या तर टोला देऊन तिथेच चिकटल्या असत्या. एका ओढीत असे अनेक टोले बसतात, तेच आपले ‘ट्रिंग ट्रिंग’. पूर्वी ही चक्रे पोलादी असत. आता स्वस्त घंटीत ती बहुधा प्लॅस्टिकची असतात आणि त्यांचे दाते झिजले की खटका नुसता फिरतो. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या आसपास फिरणाऱ्या सायकलींच्या घंटीत याखेरीज एक खास ऐवज सापडतो: जुन्या ग्रीसमध्ये रुतलेले सुताचे बारीक तंतू आणि त्यांच्याभोवती जमलेली धूळ. तो चिकटा रॉकेलने धुऊन मशीन तेलाचा एखादा थेंब दिला की मेलेली वाटणारी घंटी पुन्हा बोलू लागते.

महागड्या घंटीत हा सगळा कारखाना नसतो. तिथे जाड वाटी, बाहेरच्या बाजूला स्प्रिंगवर बसवलेली छोटी हातोडी आणि एकच स्वच्छ ‘टिंग’ असते. झिजायला फारसे काही नसल्याने ती वर्षानुवर्षे टिकते, आणि तिचा नाद कित्येक सेकंद रेंगाळतो.

आता रस्त्यावरच्या कानाकडे वळू. माणसाचा कान २,००० ते ५,००० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांच्या, पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो, कारण सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची कर्णनलिका ३,००० हर्ट्झच्या आसपास स्वतःच अनुनाद देते, म्हणजे त्या स्वराला आपोआप वाढवते. वाहनांच्या गोंगाटातील बरीचशी ऊर्जा त्याच्या खाली, हजार हर्ट्झच्या आसपास आणि त्याहून खालच्या स्वरांत असते. ही रिकामी जागा घंटीला मिळते. समजा घंटीचा आवाज एक मीटरवर ९० डेसिबल आहे. मोकळ्यावर अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल घटतात, म्हणजे वीस मीटरवर तो सुमारे ६४ डेसिबल उरतो. वर्दळीच्या रस्त्याचा एकूण गोंगाट याहून जास्त असू शकतो, तरीही घंटी ऐकू येते, कारण तिच्या स्वराच्या पट्ट्यात गोंगाट विरळ असतो. अंतराचा हिशेबही करून पाहावा. ताशी १५ किलोमीटर वेगाची सायकल सेकंदाला चार मीटरहून थोडे अधिक अंतर कापते. पुढच्या माणसाला ऐकून, समजून, पाऊल बाजूला टाकायला दोन-अडीच सेकंद दिले तर घंटी आठ-दहा मीटर आधी पोहोचायला हवी. सोलापूरच्या बाजारपेठेत, मधला मारुतीच्या गर्दीत सायकलचा वेग चालण्याइतकाच असतो, तिथे कोणतीही घंटी चालते. आणि सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत कोणतीच चालत नाही. काचा बंद केलेल्या मोटारीच्या चालकाकडून तर अपेक्षाच ठेवू नये.

रेंगाळणाऱ्या नादाचा या कामी किती उपयोग होतो? फार थोडा. आवाज किती मोठा वाटतो हे कान साधारण पहिल्या २०० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या भागात ठरवून टाकतो. त्यानंतरचा नाद दुकानातल्या शांततेत मोहक वाटतो आणि म्हणूनच तो घंटी विकतो. रस्त्यावर मात्र तो गोंगाटाखाली बुडून जातो. आपले लक्ष आवाजाच्या सुरुवातीकडे ओढले जाते. एका ‘टिंग’मध्ये अशी एकच सुरुवात असते, तर ‘ट्रिंग ट्रिंग’च्या प्रत्येक टोल्यात एक नवी. एकाकी ‘टिंग’ ऐन वेळी एखाद्या हॉर्नखाली दडपला गेला तर संपलाच. टोल्यांच्या माळेतील दोन-चार तरी निसटून कानापर्यंत जातात. या एका बाबतीत शंभराची घंटी चार हजारांच्या घंटीला सरळ मागे टाकते असे माझे मत आहे.

आवाज ऐकू आला तरी तो कुठून आला हे कळायला हवे, नाहीतर माणूस नेमका सायकलीसमोर सरकतो. दिशा ओळखण्याच्या मेंदूच्या दोन युक्त्या आहेत आणि त्यांची मांडणी १९०७ मध्ये रॅले यांनीच केली. खालच्या स्वरांसाठी मेंदू दोन कानांपर्यंत आवाज पोहोचण्यातील वेळेचा फरक मोजतो, जो जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. वरच्या स्वरांसाठी डोक्याच्या आडोशामुळे दूरच्या कानाला आवाज किती कमी मिळतो ते पाहतो. १,५०० ते ३,००० हर्ट्झच्या आसपास यांपैकी कोणतीच युक्ती धड चालत नाही, आणि बऱ्याचशा घंट्यांचा मुख्य स्वर नेमका या पट्ट्यात किंवा त्याच्या काठावर पडतो. शुद्ध, एकसुरी आवाजाची दिशा म्हणूनच सर्वांत फसवी असते. टोल्याच्या क्षणी निघणारा धातूचा खरखरीत, अनेक स्वरांचा आघात इथे मदतीला येतो, आणि तोही साध्या घंटीत अधिक असतो.

सोलापूरपुरता आणखी एक विचार करावा लागतो, आणि माझ्या दृष्टीने तोच सर्वांत वजनदार आहे. यंत्रमागाच्या शेडमधील आवाज ९० डेसिबलच्या वर जातो, तर आठ तासांच्या कामासाठी ८५ डेसिबल ही आरोग्याच्या दृष्टीने सुचवलेली मर्यादा आहे. वर्षानुवर्षे अशा गोंगाटात राहिलेल्या कानाची हानी सर्व स्वरांत सारखी होत नाही. ती आधी ४,००० हर्ट्झच्या आसपास खळगा पाडते आणि मग दोन्ही बाजूंना पसरते. वयामुळे येणारा बहिरेपणाही वरच्या स्वरांपासूनच सुरू होतो. चादरी आणि टॉवेलच्या या शहरात सकाळी रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या एखाद्या आजोबांच्या कानात ही दोन्ही कारणे एकवटलेली असू शकतात. त्यांच्यासाठी ३,५०० हर्ट्झचा नाजूक ‘टिंग’ जवळजवळ अस्तित्वातच नसतो, मग तो कितीही महाग पितळेतून निघालेला असो.

त्यांच्यापर्यंत पोहोचायचे तर स्वर खाली आणावा लागतो, आणि तिथे मोठ्या वाटीला पर्याय नाही. त्याच जाडीच्या पत्र्याची वाटी ५५ मिलिमीटरऐवजी ८० मिलिमीटर व्यासाची घेतली तर स्वर निम्म्याहून खाली येतो. ३,२०० हर्ट्झची घंटी सुमारे १,५०० हर्ट्झवर उतरते. छोटीच वाटी पातळ करून स्वर खाली आणता येईल, पण मग आवाज क्षीण होतो. कारण कडेचे चार भाग आळीपाळीने आत-बाहेर होत असताना एका भागाने ढकललेली हवा शेजारच्या मागे जाणाऱ्या भागाकडे सरकून जाते आणि लहर बाहेर पडण्याआधीच तिची वजाबाकी होते. लहर वाटीच्या मानाने जितकी लांब, तितकी ही वजाबाकी पुरी होते. हँडलभोवती कड्यासारख्या बसणाऱ्या देखण्या आधुनिक घंट्यांना हीच मर्यादा भोवते: त्या दिसत नाहीत हा त्यांचा गुण, आणि त्यांच्याकडे हवा हलवायला पुरेसे अंग नसते हा त्यांचा दोष.

महाग घंटी घेऊच नये असा याचा अर्थ काढू नये. नव्या सायकलींच्या हँडलचा मधला भाग ३१.८ मिलिमीटर जाड असतो आणि जुन्या मापाची पत्र्याची पट्टी त्यावर बसतच नाही. महाग घंटीचा क्लॅम्प तिथे नीट बसतो आणि खड्ड्यांमध्ये खडखडत नाही. तिची स्प्रिंग पावसात गंजत नाही, आणि स्वस्त घंटीचा प्लॅस्टिकचा तळ इथल्या उन्हात दोन-तीन उन्हाळ्यांत ठिसूळ होतो, ती अडचणही तिला नसते. पहाटे विजापूर रस्त्याने लांब फेरीला जाणाऱ्याला, जिथे रस्ता शांत आणि वेग जास्त असतो, एका स्वच्छ टोल्याची पितळी घंटी शोभते आणि पुरतेही. शहरात रोज कामाला जाणाऱ्याने मात्र मोठ्या वाटीची, पोलादी चक्रांची, ‘ट्रिंग ट्रिंग’ करणारी घंटी मागावी. ती दोनशे-तीनशे रुपयांना मिळाली तरी सौदा चांगला समजावा.

दुकानात घंटी हातात धरून वाजवून पाहू नये, हँडलवर बसवूनच वाजवावी, कारण ऊर्जा हँडलमध्ये नेणारी तिसरी वाट तिथेच उघडते. मग दुकानाबाहेर रस्त्यावर यावे, सोबतच्या माणसाला पाठ फिरवून दहा-बारा पावले पुढे उभे करावे आणि वाहने जात असताना खटका ओढावा. शक्य असेल तर तो सोबती साठीच्या पुढचा असावा. आवाज बसका वाटला तर माथ्यावरचा स्क्रू अर्धा फेरा सैल करून पुन्हा वाजवावी, आणि वाटी केबलपासून निदान बोटभर दूर राहील अशी फिरवून पट्टी आवळावी.