दोन वर्तुळांमधला मासा

सारख्या त्रिज्येची दोन वर्तुळे अशी काढली, की प्रत्येकाचा परीघ दुसऱ्याच्या केंद्रातून जाईल, तर त्यांच्या सामाईक भागात दोन्ही टोकांना निमुळती, माशासारखी आकृती तयार होते. प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’ या भूमितीच्या ग्रंथातली पहिलीच रचना याच वर्तुळांची आहे. दोन्ही केंद्रे एका छेदनबिंदूला जोडली की समभुज त्रिकोण मिळतो, कारण त्याच्या तिन्ही बाजू त्रिज्येइतक्याच असतात. त्रिज्या १ मानल्यास या त्रिकोणाची उंची √३/२ येते. वरचा आणि खालचा असे दोन त्रिकोण मिळून माशाची लांबी √३, म्हणजे सुमारे १.७३२ होते आणि रुंदी १ राहते.

आपल्याकडे ‘सूर्यसिद्धांत’ या जुन्या खगोलशास्त्रीय ग्रंथात हा मासा दिशासाधनासाठी येतो. सपाट जमिनीवर वर्तुळ काढून मधोमध शंकू, म्हणजे सरळ काठी, उभा करायचा आणि त्याच्या सावलीचे टोक सकाळी व दुपारनंतर परिघाला जिथे टेकेल तिथे खुणा करायच्या. त्या खुणांमधून पूर्व-पश्चिम रेषा मिळते आणि खुणांभोवती वर्तुळे काढून साधलेल्या ‘तिमी’च्या, म्हणजे माशाच्या, दोन टोकांतून दक्षिणोत्तर रेषा. इथे √३ ची गरजच नाही. दोन्ही त्रिज्या सारख्या आणि पुरेशा मोठ्या असल्या की झाले.

युरोपात याच आकाराला धार्मिक अर्थ चिकटला. फ्रान्समधल्या शार्त्र कॅथेड्रलच्या पश्चिम दारावर ख्रिस्ताची मूर्ती अशाच बदामी चौकटीत बसवलेली आहे. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात शिष्यांच्या जाळ्यात सापडलेल्या १५३ माशांचा संबंधही काही जण या आकृतीशी जोडतात, कारण आर्किमिडीजने √३ साठी २६५/१५३ हा अपूर्णांक वापरला होता. हा अपूर्णांक खरोखर देखणा आहे: २६५ चा वर्ग ७०२२५ आणि १५३ च्या वर्गाची तिप्पट ७०२२७, फरक अवघा २. पण त्यावरून माशांच्या संख्येचा उलगडा झाला असे मानणे मला पटत नाही.

अशीच वर्तुळे सगळीकडे पसरवत नेली की सहा पाकळ्यांच्या फुलांची जाळी तयार होते. ‘जीवनपुष्प’ म्हणून ती लोकप्रिय आहे आणि तिच्यात सुवर्ण गुणोत्तर, म्हणजे सुमारे १.६१८, दडलेले आहे असे वारंवार सांगितले जाते. हे तपासता येते. त्रिज्या १ धरली, तर जाळी कितीही मोठी केली तरी तिच्यातल्या कोणत्याही दोन छेदनबिंदूंमधल्या अंतराचा वर्ग पूर्णांकच येतो: १, ३, ४, ७, ९, १२, १३ असा. म्हणून कोणत्याही दोन अंतरांच्या गुणोत्तराचा वर्ग परिमेय असतो. सुवर्ण गुणोत्तराचा वर्ग मात्र अपरिमेय आहे; त्यामुळे ते या बिंदूंमधल्या अंतरांत सापडणे शक्यच नाही.

तरीही एक सरळ रेषा वाढवली की चित्र बदलते. मधल्या फुलाच्या सहा टोकांपैकी एकाआड एक तीन टोके जोडून समभुज त्रिकोण काढावा, त्याच्या दोन बाजूंचे मध्यबिंदू जोडावेत आणि ती रेषा मधल्या वर्तुळाच्या परिघापर्यंत न्यावी. मध्यबिंदूंमधला भाग आणि पुढचा परिघापर्यंतचा भाग यांचे गुणोत्तर नेमके सुवर्ण गुणोत्तर असते. इतकी सोपी रचना अमेरिकी कलाकार जॉर्ज ओडम यांच्या नावाने १९८३ मध्ये छापून आली, म्हणजे युक्लिडनंतर दोन हजारांहून अधिक वर्षांनी.