पोत्यात धान्यच आहे, हे पाहिलं कुणी?

1296 मध्ये अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला, तेव्हा यादवांची मुख्य फौज राजपुत्र शंकरदेवाबरोबर बाहेर होती. राजा रामचंद्रराव किल्ल्यात शिरला. देवगिरीचा डोंगर पाहिलेला कुणीही या निर्णयाला नावं ठेवणार नाही. घाईघाईत कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांची पोती वर चढवली गेली आणि वेढा आवळल्यावर कळलं, की पोत्यांत धान्य नाही, मीठ आहे. हकीकत जुन्या तवारिखांतली आहे, त्यामुळे तिच्यातही थोडं मीठमसाला असेल. पण युद्धाची योजना कुठे फसते हे सांगायला इतकं नेमकं उदाहरण सापडणं कठीण.

भविष्यातलं युद्ध म्हटलं की रोबो आणि लेसर डोळ्यांपुढे येतात. नियोजन करणाऱ्यांचं रोजचं काम त्यापेक्षा बरंच रुक्ष असतं. आपली योजना कोणकोणत्या न उघडलेल्या पोत्यांवर उभी आहे, याची ते यादी करतात आणि एकेक पोतं उघडून बघतात. त्यासाठीचं एक जुनं साधन म्हणजे वॉर गेम, नकाशावर खेळलेली लुटुपुटूची लढाई. 1824 मध्ये प्रशियाच्या (आजच्या जर्मनीतल्या एका राज्याच्या) सैन्यात तो नीट रूढ झाला: 1:8000 प्रमाणाचा नकाशा, लाल आणि निळे ठोकळे, दोन मिनिटांची एक फेरी, फासे आणि एक पंच. आज नकाशा संगणकावर आला. आपल्याकडे दिल्लीत सैन्याचं वॉर गेमसाठीचं केंद्र आहे, डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेची एक प्रयोगशाळाही अशी सॉफ्टवेअर बनवते. सांगाडा मात्र तोच राहिला.

तो समजून घ्यायला नळदुर्गचं उदाहरण घेऊ. हैदराबाद संस्थानावरच्या कारवाईत 13 सप्टेंबर 1948 ला सोलापूरहून निघालेल्या भारतीय तुकड्यांनी नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल शाबूत ताब्यात घेतला, आणि रणगाड्यांचा ताफा त्याच दुपारी उमरग्यापर्यंत पोचला. आता आजचं सैन्य आणि सामान धरून प्रश्न असा मांडायचा: पूल शाबूत मिळाला नसता तर?

निळ्या बाजूला, म्हणजे आपल्या सैन्याला, एका खोलीत बसवायचं, लाल बाजूला, म्हणजे शत्रूला, दुसऱ्या. दोघांना आपापलाच नकाशा दिसतो. पूर्ण चित्र फक्त पंचाकडे. एक फेरी म्हणजे समजा सहा तास. प्रत्येक बाजूने लेखी हुकूम द्यायचा: कोणती तुकडी, कुठून कुठे, कशासाठी. मग पंच फासा टाकतो. 1 किंवा 2 पडले तर पूल शाबूत, 3 किंवा 4 तर फक्त हलकी वाहनं जातील, 5 किंवा 6 तर पूल गेला. समजा 5 पडला. निळी बाजू म्हणते, काही हरकत नाही, आपल्याकडे डीआरडीओचा ट्रकवरून नेऊन उभारायचा ‘सर्वत्र’ पूल आहे, 15 मीटरचे पाच गाळे जोडले की 75 मीटर. ठीक. पण महिना सप्टेंबर आहे. पूल वाहून नेणाऱ्या जड ट्रकना काठापर्यंत जायचंय, आणि रस्ता सोडला की काळी माती. पावसात भिजलेल्या काळ्या रानात ट्रॅक्टरचं काय होतं, हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. नेमकं इथं घोडं पेंड खातं. पूल आहे, पण पुलाला पोचायला वाट नाही. ‘काठ कोरडा असेल’ हे वाक्य योजनेत कुणी लिहिलेलंच नव्हतं, सगळ्यांनी मनात धरलं होतं. असं एक वाक्य सापडलं की खेळाचा खर्च निघाला.

चकमकीत कोण किती उरेल, हे ठरवायला फाशाबरोबर थोडं गणितही लागतं. इंग्रज अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर यांनी 1916 मध्ये एक साधा नियम मांडला. दूरवर मारा करणाऱ्या हत्यारांच्या लढाईत सैन्याची ताकद संख्येच्या वर्गाने वाढते. एकाकडे 100 तोफा, दुसऱ्याकडे तशाच 70. शेवटपर्यंत लढले, तर 100 चा वर्ग उणे 70 चा वर्ग, म्हणजे 5100. त्याचं वर्गमूळ सुमारे 71. सत्तर तोफांचा चुराडा करून मोठ्या बाजूच्या 71 शिल्लक. त्याच 70 तोफा दोन वेळा 35-35 करून पाठवल्या, तर मोठ्या बाजूच्या 87 उरतात. संख्या निम्मी असेल, तर बरोबरी साधायला प्रत्येक हत्यार चौपट प्रभावी हवं. स्वस्त ड्रोनचे थवे सेनाधिकाऱ्यांची झोप का उडवतात, त्याचं एक उत्तर या वर्गात आहे. पण नियम आंधळेपणाने लावायचा नसतो. सगळे एकाच वेळी एकमेकांना दिसतात आणि मारू शकतात, हे त्यात धरलेलं आहे. पुलाच्या तोंडाशी पुढचे दोन-तीन रणगाडेच लढतात. मागचे नव्वद नुसतेच रांगेत उभे.

खेळ बिघडतो तो बहुतेक वेळा पंचावर दडपण आल्यामुळे. मे 1942 मध्ये जपानी आरमाराने पॅसिफिकमधल्या मिडवे बेटावरच्या मोहिमेचा वॉर गेम खेळला. फाशांनी आकागी आणि कागा या दोन विमानवाहू नौका बुडवल्या. आरमाराचे वरिष्ठ अधिकारी अॅडमिरल उगाकींनी नेमके लागलेले नऊ मारे तीनच धरायला लावले. आकागी वाचली, आणि बुडालेली कागा पुढच्या टप्प्यात पुन्हा अवतरली. जूनमध्ये प्रत्यक्षात या दोघींसह चार विमानवाहू नौका बुडाल्या. अमेरिकेने 2002 मध्ये सुमारे 25 कोटी डॉलर खर्चून सराव केला, तेव्हा लाल बाजूच्या निवृत्त जनरल पॉल व्हॅन रायपर यांनी रेडिओ वापरलाच नाही. निरोप मोटरसायकलवरून धाडले, क्षेपणास्त्रं आणि छोट्या होड्यांचा एकदम मारा केला, आणि अमेरिकेची 16 जहाजं कागदावर बुडाली. ती पुन्हा तरंगवून सराव पुढे चालवला गेला. माझ्या मते सरावातला सगळ्यात उपयोगी भाग त्या बुडण्याबरोबर संपला होता.

रसदीचा हिशेब मात्र फाशाशिवाय करता येतो, आणि तोच सगळ्यात जास्त टाळला जातो. 155 मिमीचा एक गोळा सुमारे 45 किलोचा. एका रेजिमेंटच्या 18 तोफांनी दिवसाला प्रत्येकी 100 गोळे डागले तर 1800 गोळे, 81 टन. दारू, फ्यूज, खोकी वेगळी. दहा टनी ट्रक धरले तर रोज 9. जाऊन-येऊन दोन दिवस लागत असतील तर 18. पाचातला एक दुरुस्तीला उभा असणारच, म्हणजे 23. शिवाय त्या 23 ट्रकना डिझेल नेणारे टँकर. हे न मांडता केलेली योजना म्हणजे बोलाचीच कढी, बोलाचाच भात. लातूरकरांनी हा धडा 2016 मध्ये पाण्यावर पाहिला. मिरजेहून 342 किलोमीटर आलेल्या पहिल्या गाडीत 10 वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. पण त्या वाघिणी आधी कोट्याला वाफेने धुवाव्या लागल्या, आणि स्टेशनात आलेलं पाणी पुढे विहिरीत, टाकीत, टँकरमध्ये न्यावं लागलं. गाडी सुटली ही बातमी होते. रिकामी करायला किती वेळ लागला, हे नियोजन करणारा विचारतो.

आता नळदुर्गचा तोच नकाशा ड्रोन धरून पुन्हा खेळू. रेडिओवर चालणारा ड्रोन जॅमरने, म्हणजे रेडिओ संदेश अडवणाऱ्या यंत्राने, पाडता येतो, म्हणून योजनेत जॅमर लिहिला. युक्रेनच्या युद्धात दोन्ही बाजूंनी केसासारखी बारीक ऑप्टिकल फायबरची दोरी सोडत जाणारे ड्रोन वापरले. त्यांच्यापुढे जॅमर निकामी. मग उत्तर उरतं ते अंतर ठेवण्याचं. 23 ट्रक 100-100 मीटरवर ठेवले तर सव्वादोन किलोमीटरची रांग. ताशी 20 किलोमीटरने शाबूत पुलावरून ती सात मिनिटांत पार. डागडुजी केलेल्या पुलावर एका वेळी एकच ट्रक, प्रत्येकी तीन मिनिटं धरली, तर 69 मिनिटं. तेवढा वेळ वर काहीतरी घिरट्या घालतंय असं धरून पंच पुढची फेरी सुरू करतो.