अमेरिकेत डक्टेड फॅन जेट उडवायचंय? पात्रता, नोंदणी आणि कागदपत्रं

रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल जेटचा पंखा पेटीतून निघतो, मोटरच्या तारांना कनेक्टर सोल्डर होतात, फोमच्या सांगाड्यात डक्ट, म्हणजे पंख्याभोवतीची नळी, नीट बसतेय का ते बघून होतं, आणि सगळ्यांना पहिला प्रश्न पडतो तो थ्रस्टचा, म्हणजे पुढे ढकलणाऱ्या जोराचा. ‘नोंदणी वगैरे काही लागते का?’ हा प्रश्न बहुतेकांना रंगकाम झाल्यावर, पहिल्या उड्डाणाच्या आदल्या रात्री सुचतो. कागदपत्रांचं काम तसं तासाभराचं आहे, रात्री बसलात तरी उरकतं. पण या नियमांतल्या दोन गोष्टी, वजन आणि रिमोट आयडी (उडताना विमानाने रेडिओवरून सांगायची आपली ओळख), थेट विमानाच्या बांधणीत शिरतात. म्हणून हे गोंद लावायच्या आधी वाचलेलं बरं.

खाली आहे ती अमेरिकेची केंद्रीय विमान वाहतूक यंत्रणा, म्हणजे एफएए, हौशी वैमानिकांकडून काय मागते त्याची माहिती. विमानाला चार पंखे असोत की नळीत बसवलेला एक, कायद्याच्या लेखी दोन्ही मानवरहित विमानंच. ‘माझं ड्रोन नाही, जेट आहे’ हा युक्तिवाद मैदानावर खूप ऐकू येतो. चालत मात्र नाही.

आधी वजन करा

सीमा २५० ग्रॅमची आहे. उड्डाणाच्या क्षणी विमानावर जे काही असेल, बॅटरीसकट, त्या सगळ्याचं मिळून वजन २५० ग्रॅम किंवा जास्त असेल तर नोंदणी लागते. त्याखाली नोंदणीही नाही आणि हौशी उड्डाणासाठी रिमोट आयडीही नाही. हवाई क्षेत्राचे नियम आणि सुरक्षा चाचणी मात्र तिथेही सुटत नाहीत.

ईडीएफवाल्यांना, म्हणजे विजेवरचा डक्टेड फॅन उडवणाऱ्यांना, ही सूट जवळजवळ निरुपयोगी आहे. नळीतला छोटा पंखा करंट खातो, करंटसाठी बॅटरी मोठी लागते, आणि बॅटरी मोठी झाली की काटा पुढे सरकतो. ६४ मिमीचं साधं फोम जेटसुद्धा पाऊण किलोच्या आसपास जातं. नेहमीचं उदाहरण घ्या: ७० मिमीचा पंखा, सहा सेलची ४००० एमएएच लिपो बॅटरी, पूर्ण थ्रॉटलला साधारण ७५ अँपिअर. २२ व्होल्ट धरले तर १६५० वॅट झाले. एवढ्या ताकदीला साजेशी मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), चाकं आणि सर्व्हो (पंखांचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी) धरून विमान दोन किलोच्या घरात जातं. त्याच करंटला बॅटरी तीन मिनिटं आणि थोडे सेकंद पुरते, म्हणून थ्रॉटल मागे घेत उडायचं आणि टायमर चार मिनिटांच्या आत लावायचा. थोडक्यात, नोंदणी लागणारच असं गृहीत धरा.

वरची सीमा ५५ पौंड, म्हणजे सुमारे २५ किलो. त्याहून जड विमानाचा मार्ग वेगळा आणि बराच कडक आहे. इथे त्यात शिरत नाही.

कोण पात्र?

नोंदणी करणाऱ्याचं वय किमान १३ वर्षं हवं. विमान त्याहून लहान मुलाचं असेल तर १३ वर्षांपुढच्या कुणीतरी नोंदणी करायची. अमेरिकेचे नागरिक आणि कायम रहिवासी यांची नोंदणी सरळ होते. नोकरीच्या किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांचा प्रश्न नेहमी येतो. त्यांनाही त्याच संकेतस्थळावर तीच प्रक्रिया करायची असते, फक्त मिळणारं प्रमाणपत्र एफएए ‘मालकीची नोंद’ मानते, अमेरिकी विमान नोंदणी मानत नाही. मैदानावर दाखवायला ते पुरतं. सुट्टीला आलेल्या पाहुण्यालाही हेच लागू आहे. भारतातली नोंदणी इथे दाखवून उपयोग नाही.

पात्रतेतला खरा काटा वयाचा किंवा व्हिसाचा नाही, हेतूचा आहे. उड्डाण निव्वळ करमणुकीसाठी हवं. जेटवर कॅमेरा लावून केलेल्या चित्रीकरणातून पैसे कमवायचे असतील, किंवा एखाद्या संस्थेच्या कामासाठी फुकटात उडवायचं असेल, तरी ते हौशी उड्डाण राहत नाही. मग पार्ट १०७, म्हणजे हौशी नसलेल्या उड्डाणांची एफएएची नियमावली, लागू होते: वय किमान १६, केंद्रावर जाऊन लेखी परीक्षा, तिचं शुल्क १७५ डॉलर, आणि प्रत्येक विमानाची स्वतंत्र नोंदणी. ‘पैसे घेतले नाहीत’ एवढ्यावर सुटका होत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं.

चाचणी: ट्रस्ट

‘ट्रस्ट’ ही ऑनलाइन चाचणी हौशी वैमानिकाने द्यायचीच असते, विमान कितीही हलकं असलं तरी. एफएएने मान्यता दिलेल्या संस्था ती फुकट घेतात. आधी वाचायला माहिती येते, मग प्रश्न. उत्तर चुकलं तर का चुकलं ते सांगतात आणि पुन्हा उत्तर देऊ देतात, त्यामुळे नापास होण्याची सोय नाही. प्रमाणपत्राला मुदत नसते. मात्र ते तिथल्या तिथे उतरवून घ्या. चाचणी घेणारी संस्था तुमची नोंद जपून ठेवत नाही. प्रमाणपत्र हरवलं तर पुन्हा परीक्षा.

नोंदणी

ती फक्त एफएएड्रोनझोन या सरकारी संकेतस्थळावर होते. शुल्क ५ डॉलर, मुदत ३ वर्षं. याहून जास्त पैसे मागणारं पान समोर आलं तर तुम्ही कुण्या मध्यस्थाच्या दुकानात शिरला आहात, मागे फिरा.

खातं उघडल्यावर हौशी की पार्ट १०७, हे निवडावं लागतं. इथे घाई करू नका. एका प्रकारातली नोंदणी नंतर दुसऱ्यात वळवता येत नाही. हौशी प्रकारात एकच क्रमांक मिळतो आणि तो तुमच्या यादीतल्या सगळ्या विमानांना चालतो, मग तुमच्याकडे एक जेट असो की अकरा.

हाताशी ठेवायच्या गोष्टी फार नाहीत: राहण्याचा पत्ता, टपालाचा वेगळा असेल तर तोही, ईमेल, फोन, डेबिट किंवा क्रेडिट कार्ड, विमानाची कंपनी आणि मॉडेल, आणि असल्यास रिमोट आयडीचा अनुक्रमांक. प्रमाणपत्र लगेच मिळतं. उडवताना ते कागदावर किंवा फोनमध्ये जवळ असावं लागतं. नोंदणी न केल्यास दिवाणी दंड २७,५०० डॉलरपर्यंत जाऊ शकतो, फौजदारी शिक्षा त्याहून मोठी.

जुन्या मंडळींकडून एक गोष्ट ऐकायला मिळते: ‘कोर्टाने नोंदणी रद्द केली ना?’ केली होती. नोंदणी २१ डिसेंबर २०१५ ला सुरू झाली, जॉन टेलर नावाच्या एका हौशी वैमानिकाने एफएएला न्यायालयात खेचलं, आणि मे २०१७ मध्ये अपील न्यायालयाने मॉडेल विमानांपुरता तो नियम उडवला. पण त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेच्या संसदेने कायदा करून नोंदणी परत आणली. जुनी बातमी अजून मैदानावर फिरते.

क्रमांक विमानाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर, नुसत्या डोळ्यांनी वाचता येईल असा लिहायचा. पूर्वी बॅटरीच्या कप्प्यात लिहिला तरी चालायचा, २५ फेब्रुवारी २०१९ पासून चालत नाही. जेटवर जागा निवडताना थोडा विचार करा. हवा आत घेणाऱ्या तोंडाच्या पुढे चिकटपट्टी लावली आणि ती वेगात सुटली, तर थेट पंख्यात जाते. मी शेपटीच्या उभ्या पंखावर कायमच्या शाईच्या पेनाने लिहितो. सुटणारं काही नाही, काळजी नाही.

रिमोट आयडी: बांधणीत शिरणारा नियम

नोंदणी लागणाऱ्या प्रत्येक विमानाने उडताना आपली ओळख रेडिओवरून प्रसारित करायची, हा नियम १६ मार्च २०२४ पासून पूर्ण अंमलात आहे. घरी बांधलेल्या जेटसाठी दोन वाटा: विमानावर प्रसारणाचं मॉड्यूल बसवायचं, किंवा ‘फ्रिया’ म्हणजे एफएएने मान्य केलेल्या ठरावीक मैदानातच उडवायचं. फ्रियात विमान आणि तुम्ही, दोघंही हद्दीच्या आत हवेत. ही मान्यता मान्यताप्राप्त हौशी संघटना आणि शिक्षणसंस्थाच मागू शकतात, आणि ती ४८ महिन्यांची असते. तेव्हा आपल्या मैदानाची मान्यता चालू आहे का, हे एफएएच्या नकाशावर पाहून घ्या.

माझं मत विचाराल तर जवळ फ्रिया असलं तरी मॉड्यूलची जागा विमानात आधीच राखून ठेवा. मॉड्यूल काड्यापेटीएवढं असतं आणि त्यात जीपीएस असतो. विमान कुठे आहे, किती उंचीवर, किती वेगात आणि कुठून उडालं, हे ते सांगत राहतं. जीपीएसला आकाश दिसलं पाहिजे, म्हणून कॉकपिटच्या पारदर्शक काचेखालची जागा उत्तम. कार्बन फायबरचं झाकण असेल तर तिथे सिग्नल मरतो. बॅटरी ते ईएससीच्या जाड तारांपासून आणि रिसीव्हरच्या अँटेनापासून ते जितकं दूर तितकं चांगलं.

शेपटाकडे रिकामी जागा दिसते म्हणून डक्टच्या भिंतीला दाबून मॉड्यूल बसवायचा मोह होतो. तो टाळा. ७० मिमीच्या पंख्यात मधला हब ३० मिमीचा धरला तर हवा ढकलणारं क्षेत्रफळ साधारण ३१४० चौरस मिमी होतं. मागचं तोंड ६० मिमीचं ठेवलं की २८२७, म्हणजे नव्वद टक्के, आणि हे गणित बरोबर जमलेलं असतं. त्या नळीला आतून एक पोक आला की करंट तेवढाच आणि थ्रस्ट कमी.

अनुक्रमांकाबद्दल एक स्वानुभव. माझ्या पहिल्या मॉड्यूलचा क्रमांक मी खोक्यावरून वाचून भरला. अर्ज स्वीकारला गेला, पण फोनच्या ॲपवर मॉड्यूल जो क्रमांक प्रसारित करत होतं तो माझ्या नोंदणीतल्या क्रमांकाशी जुळेना. अर्धी संध्याकाळ गेली. मग कळलं, मी शून्याच्या जागी इंग्रजी ‘ओ’ टाकला होता. या क्रमांकांच्या मानकात ‘ओ’ आणि ‘आय’ ही अक्षरं वापरतच नाहीत. दिसली तर ती शून्य आणि एकच समजा. आणि खोक्यावरचा उत्पादन क्रमांक वेगळा असतो, तो भरू नका. हौशी नोंदणीत एकच मॉड्यूल आलटून पालटून वेगवेगळ्या विमानांवर लावता येतं, फक्त त्याचा क्रमांक तुमच्या यादीत असला पाहिजे.

जागा आणि उंची

नियंत्रण नसलेल्या हवाई क्षेत्रात मर्यादा जमिनीपासून ४०० फूट, म्हणजे सुमारे १२० मीटर. ट्रेनर, म्हणजे शिकण्यासाठीच्या संथ विमानाला ही उंची भरपूर वाटते. जेट ताशी १५० किलोमीटरने जात असेल तर सेकंदाला चाळीस मीटर कापतं. वेग टिकला तर नाक वर केल्यापासून तिसऱ्या सेकंदाला मर्यादा येते. मोठा लूप (हवेत उभं गोल वळण) मारायच्या आधी हे डोक्यात ठेवा.

विमानतळाजवळच्या नियंत्रित क्षेत्रात आधी परवानगी लागते. ती ‘लान्स’ या व्यवस्थेतून मान्यताप्राप्त ॲपवर बहुधा काही क्षणांत मिळते, पण नकाशावरच्या चौकोनात लिहिलेल्या उंचीपर्यंतच. चौकोनात शून्य असेल तर हौशी वैमानिकाला तिथे ॲपमधून वाट नाही. त्याखेरीज तात्पुरती बंदी तपासा. मोठ्या स्टेडियममध्ये सामना असला की त्याभोवती तीन सागरी मैलांपर्यंत उड्डाण बंद असतं, सामन्याच्या एक तास आधीपासून एक तास नंतरपर्यंत. राष्ट्रीय उद्यानांत तर उडवायचंच नाही.

हौशी वैमानिकाने एफएएने मान्यता दिलेल्या एखाद्या संघटनेची सुरक्षा नियमावली पाळायची असते. सर्वात जुनी आणि मोठी संघटना १९३६ ची अकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्स, म्हणजे एएमए. कायद्याने सदस्यत्व सक्तीचं नाही, पण बहुतेक क्लब विम्यासाठी ते मागतात. एएमएचा सदस्य क्रमांक म्हणजे एफएए नोंदणी नव्हे, दोन्ही वेगळे. ईडीएफवाल्यांना इथे एक सवलत आहे: रॉकेलवर चालणाऱ्या टर्बाइनसाठी एएमएची खास परवानगी काढावी लागते, डक्टेड फॅनला ती लागत नाही.

विमानाने बॅटरी नेणार असाल तर

दुसऱ्या शहरातल्या मेळाव्याला जाताना सुटी लिपो फक्त हातातल्या सामानात न्यायची, टोकं झाकून. १०० वॉट-तासांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. १०० ते १६० मध्ये विमान कंपनीची संमती हवी आणि अशा जास्तीत जास्त दोनच. सहा सेलची ४००० एमएएच बॅटरी ८८.८ वॉट-तासांची, ५००० ची १११ ची. फरक हजार एमएएचचा, पण एकीला फोन करावा लागत नाही. प्रवासासाठी मी ४००० च्याच ठेवतो.

शेवटचं, आणि हे एका मित्रामुळे शिकलो. नोंदणीचं खातं ऑफिसच्या ईमेलवर काढू नका. त्याची तीन वर्षं संपत आली तेव्हा नोकरी बदललेली, जुना ईमेल बंद, आणि लॉगिनचा कोड त्याच पत्त्यावर जाऊन पडत होता.