दातांनी मोडलेला समज: बाईचं काम, पुरुषाचं काम

पेरूच्या दक्षिणेला, अँडीज पर्वतातल्या उंच पठारावर विलामाया पाटखा नावाची जागा आहे. समुद्रसपाटीपासून साधारण 3,900 मीटर उंचीवरच्या या जागी 2018 साली पुरातत्त्वज्ञांना सुमारे 9,000 वर्षांपूर्वी पुरलेला एक सांगाडा सापडला. त्याच्या शेजारी दगडी भाल्यांची टोकं, मांस कापायची पाती, कातडं खरवडायची अवजारं आणि लाल गेरू असा शिकाऱ्याचा सगळा सरंजाम एका जागी नीट रचून ठेवला होता. हा कुणी मोठा शिकारी, टोळीतला वजनदार माणूस असणार, असं खोदणाऱ्यांच्या मनात आलं. हाडांच्या अभ्यासकाला मात्र ती हाडं नाजूक वाटली. मग दात प्रयोगशाळेत गेले आणि उत्तर आलं: ही 17 ते 19 वर्षांची मुलगी होती.

दातावरून हे कसं कळतं? दाताचं बाहेरचं कठीण कवच, म्हणजे एनॅमल, तयार होताना एमेलोजेनिन नावाचं प्रथिन लागतं. ते बनवणारा जनुक एक्स गुणसूत्रावरही असतो आणि वाय गुणसूत्रावरही, पण दोन्हींकडून बनणाऱ्या प्रथिनांत बारीकसा फरक असतो. वाय गुणसूत्राचा नमुना सापडला तर ती व्यक्ती पुरुष, आणि भरपूर प्रथिन मिळूनही फक्त एक्सचाच नमुना दिसला तर बहुधा स्त्री. एनॅमल हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. हाडांतला डीएनए कुजून गेला तरी या कवचात अडकलेले प्रथिनांचे तुकडे हजारो वर्षं टिकतात.

या निकालानंतर संशोधकांनी अमेरिका खंडांतल्या तशाच प्राचीन दफनांच्या जुन्या नोंदी पुन्हा चाळल्या. मोठ्या जनावरांच्या शिकारीची हत्यारं सोबत पुरलेल्या 27 व्यक्ती त्यांना सापडल्या. त्यांपैकी 11 स्त्रिया होत्या. हा आकडा लहान आहे, त्यावरून सगळ्या आदिमानवाबद्दल निकाल देता येणार नाही. पण ‘पुरुष शिकार करायचे, बायका कंदमुळं गोळा करायच्या’ हे वाक्य शाळेच्या पुस्तकापासून गप्पांपर्यंत ज्या खात्रीनं म्हटलं जातं, तेवढी खात्री बाळगायला जागा उरत नाही, हे नक्की.

असाच आणखी एक प्रसंग स्वीडनमधला. बिर्का या व्हायकिंग, म्हणजे उत्तर युरोपातल्या दर्यावर्दी लढवय्यांच्या काळातल्या वस्तीत 1878 मध्ये एक थडगं उघडलं गेलं. आत तलवार, कुऱ्हाड, भाले, चिलखत भेदणारे बाण, दोन ढाली, दोन घोडे आणि पटावरच्या खेळाच्या सोंगट्या होत्या. थडगं योद्ध्याचं, म्हणून पुरुषाचं, हे इतकं उघड वाटलं की शंभर वर्षांहून जास्त काळ तशीच नोंद राहिली. मधल्या काळात हाडं पाहणाऱ्यांनी शंका काढली होती, ती कुणी फारशी मनावर घेतली नाही. 2017 मध्ये डीएनए तपासणी झाली आणि सांगाडा स्त्रीचा निघाला. त्याबरोबर नवे आक्षेप सुरू झाले. हत्यारं तिची नसतील, कुणा पुरुषाची असतील, केवळ मानाची म्हणून ठेवली असतील. हे आक्षेप शास्त्रीय आहेत, ते घ्यायलाच हवेत. पण सांगाडा पुरुषाचा समजला जात होता, तोवर हे प्रश्न इतक्या जोरानं पुढे आले नव्हते. तलवार आहे म्हणून पुरुष, आणि पुरुषांच्या थडग्यांत तलवारी सापडतात म्हणून लढाई पुरुषांची: हा तर्क स्वतःभोवतीच फिरत राहिला होता. इतिहासातल्या स्त्री-पुरुषांच्या भूमिकांबद्दलचं आपलं कितीतरी ज्ञान अशा गोल फिरणाऱ्या तर्कावर उभं आहे, हे मला फार अस्वस्थ करतं.

तरी दुसऱ्या टोकाला जाऊन, पूर्वी सगळी कामं सगळेच करायचे, असंही म्हणता येत नाही. जॉर्ज मर्डॉक आणि कॅटरिना प्रोव्होस्ट यांनी 1973 मध्ये जगभरच्या 185 समाजांतल्या 50 कामांची तुलना केली. खनिज वितळवून धातू काढणं, समुद्रातल्या मोठ्या प्राण्यांची शिकार यांसारखी काही कामं जवळजवळ सगळीकडे पुरुषच करत होते. रांधणं, पाणी भरणं, सूत कातणं बहुतेक ठिकाणी बायकांकडे होतं. मधली कामं मात्र वाऱ्यावर हलावीत तशी हलत होती. विणकाम एका समाजात ठाम बायकी, दुसऱ्यात तितकंच ठाम पुरुषी. पेरणी, कापणी, कातडं कमावणं यांचीही हीच गत.

मानववंशशास्त्रज्ञ ज्युडिथ ब्राऊन यांनी 1970 मध्ये यामागचा एक साधा नियम मांडला होता. बायकांकडे जाणारी कामं बहुधा अशी असतात, की मूल रडलं तर मध्येच थांबवता येतील, पुन्हा सहज सुरू करता येतील, मुलाला धोका होणार नाही आणि घरापासून फार लांब जावं लागणार नाही. या नियमात बुद्धी, धीर किंवा कसब यांचा संबंध नाही. अडचण आहे ती अंगावर पिणाऱ्या मुलाची. मला हे स्पष्टीकरण पटतं, कारण ते बदलाला वाव देतं. मुलांची संख्या, त्यांच्यातलं अंतर, त्यांना सांभाळणारे हात बदलले की कामांची वाटणीही बदलू शकते. मध्य आफ्रिकेतल्या आका या शिकारी-संकलक समाजात बाप दिवसातला जवळपास निम्मा वेळ तान्ह्या मुलाच्या हाताच्या अंतरावर असतो, आणि तिथे बायका जाळी घेऊन शिकारीला जातात.

मग वाटणी घट्ट कधी झाली? डॅनिश अर्थतज्ज्ञ एस्टर बोसरुप यांनी 1970 मध्ये बोट ठेवलं ते नांगरावर. कुदळीनं शेती होते तिथे बाई पाठीशी मूल बांधूनही काम करू शकते, आणि अशा भागांत शेती मुख्यतः बायकांच्या हातात दिसते. नांगराचं तसं नाही. तो धरायला, बैल आवरायला खांद्या-मनगटात जोर लागतो, आणि चालत्या नांगरामागे मूल घेऊन फिरता येत नाही. नांगर आला तिथे शेत पुरुषाचं झालं आणि बाईचं काम उंबऱ्याच्या आत सरकलं.

ही कल्पना बरीच वर्षं कल्पनाच होती. 2013 मध्ये अल्बर्टो अलेसिना, पाओला जुलियानो आणि नेथन नन यांनी ती आकड्यांवर घासून पाहिली. ज्या समाजांचे पूर्वज नांगर वापरत होते, तिथे आजही घराबाहेर कमावणाऱ्या बायका कमी आहेत, राजकारणात आणि उद्योगांच्या मालकीतही कमी आहेत. आता इथे शंका येते: मुळात पुरुषप्रधान असलेल्या समाजांनीच नांगर पसंत केला असेल तर? ती दूर करायला त्यांनी जमीन आणि हवामान पाहिलं. गहू आणि बार्लीला मोठी जमीन थोड्या दिवसांत तयार करावी लागते, तिथे नांगराचा मोठा फायदा होतो. ज्वारी-बाजरीसारख्या तृणधान्यांना आणि कंदांना तितका होत नाही. कुठलं पीक येणार हे माती ठरवते, माणसांची मतं नाही. तरीही संबंध तसाच दिसला. त्याहून थक्क करणारी बाब स्थलांतरितांची. युरोप-अमेरिकेत जन्मलेल्या, जन्मात नांगर न पाहिलेल्या मुलींमध्येही आईवडिलांच्या मूळ समाजाचा ठसा दिसत होता. नांगर मागे राहिला, त्याच्याभोवती तयार झालेली समजूत बोटीत बसून सोबत आली.

‘उंबऱ्याच्या आतलं काम’ म्हणजे हलकं काम, हा आणखी एक समज. केंब्रिज विद्यापीठातल्या ॲलिसन मॅकिन्टॉश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये मध्य युरोपातल्या प्राचीन बायकांच्या हाडांची तुलना आजच्या खेळाडू मुलींशी केली. हाड जिवंत असतं. ज्या दिशेनं ताण पडतो त्या दिशेनं ते जाड होत जातं. सुमारे 7,000 वर्षांपूर्वीच्या शेतकरी बायकांच्या दंडाची हाडं, शरीराच्या मानानं, आजच्या विद्यापीठाच्या नौकावल्हवण संघातल्या मुलींपेक्षाही 11 ते 16 टक्के मजबूत निघाली. त्या मुली आठवड्यातून कितीतरी तास वल्ही मारत होत्या! प्राचीन बायकांचं वल्हं म्हणजे बहुधा पाट्यासारखा दगड. त्यावर रोज तासन्‌तास धान्य रगडायचं, शिवाय जमीन खणायची, पीक काढायचं. याआधीच्या अभ्यासकांनी प्राचीन बायकांची हाडं पुरुषांच्या हाडांशी ताडून पाहिली होती. ताणाला पुरुषांची हाडं जास्त ठळक प्रतिसाद देतात, त्यामुळे या बायकांचे कष्ट दिसतच नव्हते. बाईची तुलना बाईशी केल्यावर ते दिसले.

कारखाने आले तेव्हा वाटणी पुन्हा हलली. क्लॉडिया गोल्डिन यांना 2023 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते अमेरिकेतल्या दोनशे वर्षांच्या नोंदी उकरून काढल्याबद्दल. जनगणनेत ‘पत्नी’ एवढंच लिहिलेली बाई प्रत्यक्षात शेतात, घरगुती उद्योगात राबत होती, हे त्यांनी दाखवलं. एकोणिसाव्या शतकात काम घरातून कारखान्यात गेलं, तसा कमावत्या विवाहित बायकांचा वाटा घसरला. विसाव्या शतकात शिक्षण आणि कचेऱ्यांमधलं काम वाढलं, तसा तो पुन्हा चढला. म्हणजे प्रगती झाली की बायका आपोआप पुढे येतात, हेही खरं नाही. मध्ये नियमांच्या भिंती होत्या. लग्न होताच शिक्षिकेला किंवा कारकून बाईला कामावरून काढायचा नियम अनेक देशांत होता. आयर्लंडच्या सरकारी नोकरीत तो 1973 पर्यंत टिकला.

काही वेळा तर एकाच पिढीत पारडं फिरतं. 1946 मध्ये जगापुढे आलेल्या एनिॲक या संगणकासाठी पहिले प्रोग्राम रचले ते सहा तरुणींनी. त्या काळी यंत्र बांधणं मानाचं, प्रोग्राम लिहिणं कारकुनी समजलं जाई. पुढे याच कामाला पैसा आणि प्रतिष्ठा आली. अमेरिकेत संगणकशास्त्राची पदवी घेणाऱ्यांत 1984 च्या सुमारास 37 टक्के मुली होत्या, नंतर ते प्रमाण निम्म्यावर घसरलं. एवढ्या थोड्या वर्षांत मेंदू बदलत नाहीत.

स्वभावाचं काय? मुलींना स्पर्धा आवडत नाही, असं सर्रास म्हटलं जातं. उरी नीझी, केनेथ लेनर्ड आणि जॉन लिस्ट यांनी दोन समाजांत एक सोपा खेळ लावला: तीन मीटरवरच्या बादलीत चेंडू टाकायचा. प्रत्येक अचूक चेंडूला ठरलेले पैसे घ्या, किंवा प्रतिस्पर्ध्याशी चुरस लावा आणि जिंकल्यास तिप्पट घ्या. टांझानियातल्या पुरुषप्रधान मासाई समाजात 50 टक्के पुरुषांनी चुरस निवडली, बायकांपैकी 26 टक्क्यांनी. मेघालयातल्या खासी समाजात वंश आणि मालमत्ता आईकडून पुढे जाते. तिथे 54 टक्के बायकांनी चुरस निवडली, पुरुषांपैकी 39 टक्क्यांनी. हा एकच खेळ आहे आणि मोजकी माणसं, पण आकडे उलटे होऊ शकतात, एवढं तरी त्यातून दिसलंच.

शरीरही भूमिकेला उत्तर देतं. फिलिपिन्समधल्या सेबू भागातल्या 624 तरुणांचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी मानलं जाणारं संप्रेरक, काही वर्षांच्या अंतरानं दोनदा मोजलं गेलं. बाप झालेल्यांच्या रक्तात... खरं तर लाळेत, कारण नमुने लाळेचे होते, या संप्रेरकाची पातळी चांगलीच खाली आली होती. रोज तीन तास किंवा जास्त मूल सांभाळणाऱ्या बापांमध्ये ती अधिकच कमी होती. मूल सांभाळायची तयारी निसर्गानं फक्त आईच्या शरीरात ठेवलेली नाही.

या भूमिकांची किंमत कधी थेट औषधाच्या गोळीत मोजावी लागते. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं 1977 मध्ये, मूल होऊ शकणाऱ्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळण्याची शिफारस केली. हेतू पोटातल्या बाळाला जपण्याचा होता. बाई म्हणजे आधी आई, हा विचार त्यात मुरलेला होता. ती शिफारस 1993 मध्ये मागे घेतली गेली. झोलपिडेम या झोपेच्या औषधाचं बायकांसाठीचं प्रमाण 10 मिलिग्रॅमवरून 5 वर आणायला 2013 उजाडलं; बायकांच्या शरीरातून ते हळू बाहेर पडतं आणि सकाळी गाडी चालवताना गुंगी राहू शकते.

आणि नांगर, कारखाना, नियम हे सगळं मागे पडलं तरी घरातलं काम कुठे गेलं? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं 2018 मध्ये मोजलं तेव्हा जगभरात बायका दिवसाला सरासरी 4 तास 25 मिनिटं बिनमोबदला काम करत होत्या, पुरुष 1 तास 23 मिनिटं.

इतकी जुनी वाटणी इतकी चिवट का, याचं एक उत्तर पुन्हा दातांतूनच आलं आहे. लहानपणी उपासमार किंवा मोठं आजारपण झालं की एनॅमल बनण्याची क्रिया अडखळते आणि दातावर आडवी रेघ उमटते. ती आयुष्यभर जात नाही, मेल्यावरही नाही. युरोपातल्या 139 पुरातत्त्वीय ठिकाणांवरच्या 10,000 हून अधिक सांगाड्यांच्या दातांवर संशोधकांनी या रेघा पाहिल्या. मध्ययुगात आणि त्याआधी जिथे मुलींच्या दातांवर मुलांपेक्षा जास्त रेघा नव्हत्या, म्हणजे ताटात आणि औषधपाण्यात मुलींना कमी लेखलं गेलं नव्हतं, तिथल्या लोकांची मतं आजही स्त्री-पुरुष समानतेकडे अधिक झुकलेली दिसली. जिथली लोकसंख्या मोठ्या प्रमाणावर बदलली होती, तिथे मात्र हा धागा तुटला होता. समजूत जमिनीत नसते, ती माणसांकडून मुलांकडे जाते, याचा इतका स्पष्ट पुरावा मी क्वचितच पाहिला आहे.

या अभ्यासात एक मर्यादा होती. लहान मुलांच्या सांगाड्यावरून मुलगा की मुलगी हे ओळखता येत नाही, कारण कमरेच्या हाडांतला फरक वयात आल्यावरच दिसू लागतो. त्यामुळे बालपणीच मेलेल्या मुली आतापर्यंतच्या हिशेबातून सुटत आल्या. विलामाया पाटखाच्या मुलीची ओळख पटवणारी एनॅमलची चाचणी आता त्यांच्या दुधाच्या दातांवरही करता येते. संग्रहालयांच्या कपाटांतून वर्षानुवर्षं ‘बालक, लिंग अज्ञात’ अशी चिठ्ठी लावून ठेवलेले दात बाहेर काढले जाऊ लागले आहेत.