आई-बाबांच्या सीपीएला तुमच्याशी बोलायची परवानगी आधीच कशी देऊन ठेवायची (अमेरिका)

अमेरिकेत राहणारे आई-बाबा सत्तरी पार करून गेलेत आणि त्यांचा टॅक्स वर्षानुवर्षं एकच सीपीए (परवानाधारक अकाउंटंट) करतोय, असं असेल तर हे यंदाच उरकून घ्या. विसरायला होतंय हे बरेचदा त्याच माणसाच्या आधी लक्षात येतं, म्हणजे पेन्शनचा १०९९-आर (वर्षात किती पेन्शन मिळाली ते दाखवणारा फॉर्म) दिलाच नाही, आयआरएमधून (निवृत्तीच्या बचत खात्यातून) वयाच्या ७३ नंतर दरवर्षी काढावी लागणारी रक्कम काढलीच नाही, किंवा एकदम मोठी रक्कम काढली आणि कुणाला दिली ते बाबांना सांगताच येत नाही. पण तो तुम्हाला फोन करू शकत नाही, पोटचा मुलगा असलात तरी नाही. टॅक्स कोडच्या कलम ७२१६ प्रमाणे संमतीशिवाय जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने माहिती दिली तर प्रिपेअररवर (रिटर्न तयार करणाऱ्यावर, म्हणजे इथे सीपीएवर) फौजदारी गुन्हा होतो, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, आणि कलम ६७१३ खाली प्रत्येक वेळेचा २५० डॉलर दंड वेगळा.

संमती कोण देऊ शकतं? फक्त ज्यांचा टॅक्स आहे ते स्वतः, आणि तेही आपण कशावर सही करतोय हे समजत असताना. म्हणून तर घाई. आधी माहिती दिली आणि मागून सही घेतली, हे चालत नाही.

आयआरएसकडे (अमेरिकेच्या टॅक्स खात्याकडे) काही पाठवायचं नसतं, संमतीचा कागद प्रिपेअररकडेच राहतो. त्यावर प्रिपेअररचं नाव, आई-बाबांचं नाव, माहिती कुणाला द्यायची त्याचं नाव, कोणती माहिती आणि कशासाठी, आणि सही-तारीख हवी. १०४० (व्यक्तीचा नेहमीचा टॅक्स रिटर्न) भरणाऱ्यांसाठी आयआरएसने ठरवलेला मजकूर जसाच्या तसा लागतो, अक्षर १२ पॉइंटपेक्षा लहान नको, आणि हा कागद वेगळाच हवा, एंगेजमेंट लेटरमध्ये (सीपीएबरोबरच्या कामाच्या करारपत्रात) एक ओळ घुसवून भागत नाही. सही झाली की कॉपी तिथेच मागून घ्या. आणि सही केली नाही तर रिटर्न करणार नाही असं कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे, ही संमती मनापासूनच द्यायची असते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मुदत! कागदावर मुदत लिहिली नसेल तर संमती सहीपासून एका वर्षात संपते, आणि नेमकी गरज पडते चार-पाच वर्षांनी. तेव्हा मुदत स्पष्ट लिहून घ्या. "कोणती माहिती" मध्येही मोघम लिहू नका, कागदपत्रं वेळेवर न येणं, नेहमीपेक्षा मोठे विथड्रॉवल, वागण्यात-बोलण्यात जाणवलेला गोंधळ, असं नीट लिहा. पुण्यात किंवा नाशिकला एफडी असतील तर एफबारचं (परदेशातल्या खात्यांची माहिती अमेरिकन सरकारला देणाऱ्या फॉर्मचं) नावही घाला, कारण परदेशातल्या सगळ्या खात्यांत मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेलं की ते भरावंच लागतं आणि विसरलं की पेनल्टी मोठी असते.

एक मात्र लक्षात असू द्या, या कागदावर प्रिपेअरर तुमच्याशी बोलू शकतो, एवढंच. तुम्हाला रिटर्नवर सही करता येत नाही, आयआरएसशी बोलता येत नाही. आयआरएसकडून माहिती हवी असेल तर फॉर्म ८८२१, आई-बाबांच्या वतीने बोलायचं असेल तर २८४८, आणि बँकेपासून बाकी सगळ्यासाठी राज्याच्या कायद्याप्रमाणे ड्युरेबल पॉवर ऑफ अटर्नी (आई-बाबांना समजेनासं झालं तरी चालू राहणारं मुखत्यारपत्र), ती वकिलाकडूनच करून घ्या. या सगळ्यांवरही सही आई-बाबांचीच लागते, त्यामुळे एकाच खेपेत सगळं करून टाका.