खाऱ्या वाऱ्यांचा हिशेब

समुद्रावरून येणारी हवा स्वच्छ असते, हा समज मनात इतका पक्का आहे की किनाऱ्यावर इमारती, हॉटेलं आणि क्रूझ जहाजांचा धक्का अशा प्रकल्पाची घोषणा झाली की जाहिरातीत ‘मोकळी हवा’ हमखास असते. त्याच प्रकल्पामुळे हवेचं काय होईल याचा अहवाल करायला बसलं, की सगळ्यात जास्त डोकं हाच वारा खातो.

आधी आजची हवा मोजावी लागते, आणि इथेच पहिली मेख आहे. लाटा फुटताना उडालेले तुषार हवेतच वाळतात आणि मिठाचे बारीक कण उरतात. पीएम १०, म्हणजे हवेतले १० मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण, मोजणारं यंत्र या मिठाच्या कणांचंही वजन करतं. त्याच्या लेखी मीठ काय नि धूळ काय, सारखंच. म्हणून फिल्टरवरचं सोडियम आणि क्लोराइड तपासून मिठाचा वाटा वेगळा काढतात. मर्यादा ओलांडली की नाही हे ठरवताना असा नैसर्गिक वाटा वजा करण्याची मुभा युरोपीय महासंघाच्या २००८ च्या निर्देशात दिली होती. मुभा रास्तच, पण वजाबाकी कशी केली ते अहवालात दिसायला हवं.

आता वारा. दुपारी जमीन तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि समुद्रावरची थंड हवा आत शिरते. हे शाळेत शिकलेले खारे वारे. थंड पाण्यावरून आलेली ही हवा बरेचदा स्थिर असते, थरावर थर रचून ठेवल्यासारखी. अशा हवेत उंचावरून सोडलेला धूर वरखाली फारसा मिसळत नाही, लांब पट्ट्यासारखा आत सरकत राहतो. किनाऱ्यावर उभं राहून पाहिलं तर वाटावं, बरं झालं, डोक्यावरून गेला.

पण तीच हवा तापलेल्या जमिनीवर आली की खालून ढवळली जाऊ लागते. हा ढवळलेला थर किनाऱ्यापाशी अगदी पातळ असतो आणि आत जाऊ तसा जाड होतो. त्याची जाडी ढोबळमानाने अंतराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे चौपट आत गेलं की दुप्पट उंची. जिथे तो धुराच्या पट्ट्याला गाठतो तिथे धूर भसकन जमिनीकडे ओढला जातो. याला फ्युमिगेशन म्हणतात. त्यामुळे अशा दुपारी उंच धुराड्याचा सगळ्यात वाईट फटका किनाऱ्याला न बसता आतल्या एखाद्या वस्तीला बसू शकतो, जिथून समुद्र दिसतही नाही. रात्री मतलई वारे उरलासुरला धूर समुद्रावर नेतात आणि दुसऱ्या दिवशी खारे वारे त्यातला काही परतही आणतात.

धूर कुठे किती पोचेल हे संगणकावर काढतात. अमेरिकेत नेहमीच्या कामाला एअरमॉड हे मॉडेल वापरतात आणि त्याला वेधशाळेच्या पाच वर्षांच्या नोंदी किंवा प्रत्यक्ष जागेवरच्या किमान एका वर्षाच्या नोंदी पुरवाव्या लागतात. किनाऱ्याचं हे फ्युमिगेशन धरणारं ओसीडी नावाचं मॉडेल वेगळं आहे. म्हणून असा अहवाल हातात आला की मी निष्कर्षाकडे नंतर वळतो. आधी पाहतो, वाऱ्याच्या नोंदी कुठल्या आहेत? वेधशाळा बरीच आत, एखाद्या विमानतळावर असेल तर तिथे खारे वारे उशिरा आणि दमून पोचतात. अशा नोंदींवर काढलेले आकडे दशांश चिन्हापर्यंत नेटके असतात आणि तरी चुकीचे असू शकतात.

स्रोतांपैकी बांधकामाची धूळ सर्वांना दिसते. सगळ्यात चिवट असते ती डंपरच्या चाकांना चिकटून रस्त्यावर येणारी: चिखल वाळतो आणि मागून येणारं प्रत्येक वाहन तो पुन्हा उडवतं. फाटकाशी चाकं धुण्याची सोय केली तर बराच फरक पडतो. जहाजाचं मात्र चटकन लक्षात येत नाही. धक्क्याला लागल्यावर त्याचं मुख्य इंजिन बंद होतं. पण दिवे, वातानुकूलन, स्वयंपाकघर यांसाठी सहायक इंजिनं चालूच राहतात. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची जागतिक मर्यादा ३.५ वरून ०.५ टक्क्यावर आली. सुधारणा मोठीच, पण अनेक देशांत मोटारींच्या डिझेलला दहा लाखांत १० भागांची मर्यादा आहे. त्याच्या हे ५०० पट झालं. काही बंदरांत धक्क्यावरच्या जहाजांना ०.१ टक्क्याची अट असते. किनाऱ्यावरून वीज दिली तर ही इंजिनं बंदच ठेवता येतात.

मग अहवालात दोन रकाने येतात: प्रकल्प झाला तर आणि नाही झाला तर. फरक छोटा निघाला की शेरा पडतो, ‘परिणाम नगण्य’. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये नायट्रोजन डायऑक्साइडची (इंजिनांच्या धुरातला एक वायू) वार्षिक मार्गदर्शक पातळी ४० वरून १० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरवर आणली. आधीच ती ओलांडलेल्या जागी छोटी भरही नगण्य म्हणणं मला पटत नाही.

शिवाय या वजाबाकीतून नव्या इमारतीत राहायला येणारी माणसं निसटतात; ती आज तिथे नाहीतच. हवेचे आकडे बहुधा जमिनीपासून दीड मीटरवर, नाकाच्या उंचीवर काढतात. मोठ्या जहाजाचं धुराडं मात्र दहाव्या-पंधराव्या मजल्याच्या बरोबरीला येतं, आणि समुद्राकडे तोंड केलेल्या महागड्या गॅलऱ्याही तिथेच असतात. त्या उंचीवरचा आकडा मुद्दाम मागितला तरच मिळतो.