वरकस जमिनीवर कलम चढलं तेव्हा

कोकणात डोंगरउताराच्या जमिनीला वरकस म्हणतात. तिथे दोन-तीन वर्षं नाचणी, वरी घ्यायची, मग जमीन पडीक टाकून पलीकडचा तुकडा कसायचा, ही जुनी रीत. कातळावरच्या पातळ मातीचा कस भरून यायला तेवढी विश्रांती लागतेच. जमीन कागदावर खोताची, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराची, असो वा भाऊबंदांची सामायिक, कसणारे अनेक असत. भातकापणी उरकली की गुरंही मोकळी सुटत.

1990 मध्ये महाराष्ट्र सरकारने फळबाग लागवड रोजगार हमी योजनेला जोडली. अनुदान मिळू लागलं आणि डोंगरांवर हापूस चढला, वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राची काजूकलमं चढली. पैसा गावात आला, हे मी मोलाचंच मानतो. पण त्याबरोबर जमिनीचा हिशेबही बदलला.

नाचणी चार महिन्यांत शेत मोकळं करते. हापूसचं कलम मीटरभर खोल खड्ड्यात बसतं, फळाला यायला पाच-सहा वर्षं घेतं आणि पुढे कित्येक दशकं जागा अडवतं. झाड ज्याचं, जमीन त्याचीच होते. शिवाय अनुदानाला सातबारा लागतो. सामायिक असेल तर सगळ्या हिस्सेदारांची संमती हवी. त्यातला एक मुंबईत, दुसऱ्याच्या वारसांची नोंदच झालेली नाही. तोंडी बोलीवर, खंडाने कसणाऱ्याचं तर नावच कुठे नसतं. जागा बदलत केलेल्या शेतीत सलग वहिवाट दाखवणार कशी? नाचणी लावणाऱ्या, झोडणाऱ्या बायांची नावंही सातबाऱ्यावर क्वचितच. ज्यांचे कागद चोख, त्यांच्याच बागा आधी उभ्या राहिल्या.

बागेभोवती चिऱ्यांचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, आला. गुरांची वाट बंद झाली आणि चरायला जागा नाही म्हणून दावणीची गुरंही घटली. बाकीच्यांना मिळाली ती बागेतली मजुरी.

आता मालकीचेही दोन थर झालेत. मालक बाहेरगावी असला की बाग कराराने व्यापाऱ्याकडे जाते. हापूस मुळात एक वर्षाआड भरघोस धरतो; दरवर्षी फळ यावं म्हणून औषध वापरतात. पॅक्लोब्युट्राझॉल, बागायतदारांच्या बोलीत कल्टार, मुळाशी घातलं की जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक तयार होणं मंदावतं, पालवी थांबते आणि मोहोर येतो. प्रमाणात वापरलं तर फायद्याचंच. पण ज्याचा करार दोन-तीन हंगामांचा, त्याला झाडाच्या विसाव्या वर्षाची काळजी कशी असेल? मात्रा वाढते, झाड थकतं आणि ते सावरायचा खर्च मालकाच्या माथी येतो.